फेट्याखालचं टेंगूळ

॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
ता. ७ ऑक्टोबर २०२५

चि. अंशुल यास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इथे सगळे जिवंत आहेत, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझ्या सरहद्दीवरच्या चौकीवर फोन लागत नाही ते एका परीनं बरंच. तुझ्या बापानं फोनवर तुला भलतंच सांगितलं असतं. आज माझं अक्षर जास्त वाकडं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

मी फार खूष आहे बाळा. तुझा जयसिंहकाका वाचला. सकाळी त्यानं चार चमचे दलिया खाल्ला आणि मीठ कमी म्हणून नर्सवर खेकसला. मी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटायला निघाले होते. नर्सनं डबाच काढून घेतला, इथे सगळे हार्टवाले आहेत म्हणाली. नंतर ती स्वतः दोन खाताना मला दिसली, ते असो.

आता पहिल्यापासून सांगते. दसऱ्याला नेहमीसारखी तलवार पाटावर मांडली. झेंडू यंदा फार महाग, बाड्याच्या बाजारात भाव ऐकून मी परत फिरले होते, मग गरिमानं बँकेतून येताना आणला. तर पूजेच्या वेळी तुझा काका म्हणाला की मला मुलगा नाही, यंदा तलवार म्यानातून माझी गरिमा काढेल. तुझा बाप उठला. म्हणाला की तो मान अंशुलचा, तो नसेल तर त्याच्या बापाचा, पोरी हळदीकुंकवाला असतात. काकानं पाहुण्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. तुझ्या बापानं पाटावरची तलवार म्यानासकट उचलली आणि भावाच्या डोक्यात घातली. एकदा नाही, दोनदा. समई उलटली, तेल रांगोळीत गेलं, गरिमा त्याच्या हाताला चावली तेव्हा सुटली तलवार. काकाच्या डोक्यावर फेटा होता म्हणून रक्त निघालं नाही. तो हसून म्हणाला की मानसिंगच्या हातात पहिल्यापासूनच जोर नाही.

तासाभरानं त्याला घाम सुटला. जबडा दुखतो म्हणाला, मग डावा हात, मग छातीवर कुणी बसलंय म्हणाला. तुझ्या बापानंच गाडी काढली. रस्त्यात दोघा भावांनी ठरवलं की मारामारीचं कुणी बोलायचं नाही. शिंद्यांच्या फौजेतलं घराणं, दसऱ्याला भाऊ भावाला मारतो हे शहरात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. मार देणारा आणि खाणारा यांचं दिवसभरात एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं.

अस्पतालात सोनिका नावाची डॉक्टरीण होती, गरिमाएवढीच, मनगटं अशी बारीक. तिनं कागदाची पट्टी काढली आणि म्हणाली की मोठा अटॅक आहे, हृदयाची नस बंद झाली आहे. तार घालून नस उघडायची खोली दुसऱ्या पेशंटनं अडवली होती, म्हणून आधी गाठ विरघळवणारं इंजेक्शन देते म्हणाली. देण्याआधी तिनं विचारलं की कुठे पडलात का, डोक्याला मार लागला का. काका नाही म्हणाला. तुझा बाप नाही म्हणाला. तिनं परत विचारलं. परत नाही. मी बाजूला पदर चावत उभी. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला काय कळतंय, पण एकच प्रश्न कुणी दोनदा विचारत असेल तर त्यात काहीतरी असतं, एवढं मला कळतं. मी तिला विचारलं की मार लागला असेल तर काय होतं. ती म्हणाली की ही दवा सगळीकडचं रक्त पातळ करते, डोक्यात आत जखम असेल तर रक्त थांबणार नाही, माणूस जाईल.

तुझा बाप माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं. कुणी मारलं तेही सांगितलं.

डॉक्टरणीनं इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि फेटा सोडला. आत केसांमध्ये अंड्याएवढं टेंगूळ होतं. तुझ्या बापानं मला ढकललं. मी स्ट्रेचरच्या लोखंडावर पडले, मनगट मोडलं (म्हणून हे अक्षर, डाव्या हातानं लिहिते आहे). मग त्यानं काचेच्या दारावर मूठ मारली, काचा सगळीकडे, गार्डांनी त्याला खाली पाडून काठीनं बडवलं. मी माझ्या मुलाला मार खाताना पाहिलं आणि उठले नाही.

कारण दुसऱ्या मुलाचे डोळे तेवढ्यात पांढरे झाले. हृदय थांबलं. ती बारीक पोरगी पलंगावर चढली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती कुटायला लागली. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती थांबली नाही. मग शॉक दिला, काका मासळीसारखा उडाला. दुसऱ्या शॉकला परत आला. मग डोक्याचा फोटो काढला. हाडाला केसाएवढी चीर होती, रक्त नव्हतं. तोवर ती खोली रिकामी झाली होती, मोठ्या डॉक्टरांनी हातातून तार घालून नस उघडली, ती उघडी राहावी म्हणून आत छल्ला बसवला. रक्त पातळ करणारी दवा मोजून मापून दिली म्हणे.

पोलीस आले होते. तुझ्या बापाला घेऊन गेले. मी बयान दिलं आहे. गरम कपडे घालत जा.

तुझी आजी, शांताताई

---

चौकीवरून
ता. २४ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस अंशुलचा शि. सा. नमस्कार. पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तुझं मनगट कसं आहे?

काका वाचला, ऐकून बरं वाटलं. मला सायकल त्यानं शिकवली, बाबांनी नाही. पण आजी, एक बात समज नहीं आई. मार लागला एवढं सांगितलं असतंस तरी डॉक्टरांचं काम झालं असतं. पायऱ्यांवरून पडला म्हणायचं. नाव का घेतलंस? बाबांनी दिवाळी जेलमध्ये काढली. पडाव भागातलं त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस बंद आहे. आईनं लिहिलंय की वकील म्हणतो, आजीनं बयान बदललं, गर्दीत काही दिसलं नाही म्हटलं, तर केस हलकी होईल. काकाही पडलो म्हणायला तयार आहे. फक्त तू अडून बसली आहेस.

मला तो मान कधीच नको होता. गरिमाताईला द्या, मला काय फरक पडतो. पण ते माझे बाबा आहेत. तू बयान बदल. नाही बदललंस तर मला पत्र लिहू नकोस, मी उत्तर देणार नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

आपला, अंशुल

---

लष्कर, ग्वाल्हेर
ता. ११ नोव्हेंबर २०२५

चि. अंशुल यास आजीचे आशीर्वाद, तुला हवे असोत नसोत. लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. प्लास्टर अजून आहे, खाज सुटते, गरिमानं विणायची सुई दिली आहे, ती आत घालून खाजवते. डॉक्टरला सांगू नकोस.

काका घरी आला. खोकला की मोडलेली बरगडी दुखते, मग तो त्या सोनिकेला शिव्या देतो आणि दर सोमवारी तिला दाखवायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतो. जिना चढायला लागला आहे.

तुझा बाप परवा जामिनावर सुटला. पडावला लॉजमध्ये राहतो. मी टेम्पोनं गेले होते, डब्यात पुरणपोळी होती. त्यानं डबा जिन्यावरून खाली फेकला. म्हणाला की तुला एकच मुलगा होता असं समज. मी पोळ्या गोळा केल्या, पुसून गाईला घातल्या.

तू विचारलंस नाव का घेतलं. मार लागला म्हटल्यावर डॉक्टरणीनं विचारलं की कशानं मारलं, किती जोरानं, किती वेळा. पायऱ्या म्हटलं असतं तर पुढचं प्रत्येक उत्तर खोटं द्यावं लागलं असतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून माझ्या मुलाला दवा देणार होती. मला तेवढी अक्कल नाही रे, कुठलं खोटं चालतं आणि कुठलं मारतं हे ओळखायची. म्हणून सगळंच खरं सांगून टाकलं. आता बयान बदलणार नाही. वकिलाला चहा पाजून परत पाठवला.

पण एक हिशेब तू कर, तू शिकलेला आहेस. मी त्या दिवशी गप्प बसले असते तर त्या इंजेक्शननं डोक्यात रक्त सुटून काका गेला असता. फोटोत डोक्याची चीर निघालीच असती. मग तुझा बाप भावाचा जीव घेणारा झाला असता, आणि त्याला जामीन मिळाला नसता. आज एक मुलगा जिना चढतो आणि दुसरा डबा फेकतो. फेकायला हातात जोर आहे त्याच्या, मी पाहिला. मला याच्यापेक्षा जास्त नको होतं.

तो माझ्याशी बोलत नाही, ते मला चालतं. तूही बोलू नकोस. मी महिन्याला लिहीन, काका किती पायऱ्या चढला ते.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू ठरव, माझा आहे तसाच आहे.

तुझी आजी,
शांताताई