शेळ्यांचे गळे आणि नीलाबाई

११ सप्टेंबर १९९३, उदगीर

आज पुन्हा ताट वेगळं! खाटकाकडून आले म्हणून आधी मोरीत डोक्यावरून आंघोळ, मग जेवण उंबऱ्याजवळ. लिंगायताच्या घरात शेळ्यांचे गळे कापणारी सून आली, असं साऱ्या गल्लीला सांगून झालंय. कापतो खाटीक. मी फक्त गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काढून घेते, प्रबंधासाठी. पण ऐकतंय कोण?

तोंडावर 'आत्याबाई' म्हणावं लागतं. इथे नाही म्हणणार. नीलाबाई! सासू असली म्हणून काय झालं.

१९ सप्टेंबर

वयानुसार ग्रंथी कशी बदलते ते पाहायचंय. करडांचा गट पूर्ण. तरण्या शेळ्याही झाल्या. म्हाताऱ्याच मिळत नाहीत. माझे गाईड हणमंतराव सर म्हणाले, डिसेंबरात प्रबंध आला नाही तर वर्ष गेलं समजा.

हे लातूरहून आले. तिथल्या ह्यांच्या क्लासला आता बाकं पुरत नाहीत म्हणे, पोरं सतरंजीवर बसतात. नीलाबाईंनी लगेच फर्मान काढलं — दिवाळीनंतर सुनेनं लातूरला जाऊन बायोलॉजी शिकवावी, ही घाण बंद. ह्यांनाही तेच हवंय.

३० सप्टेंबर

पहाटे जमीन हलली. सगळी गल्ली रस्त्यावर. किल्लारीकडचं जे कानावर येतंय ते लिहवत नाही.

४ ऑक्टोबर

कॉलेजच्या भिंतींना चिरा, प्रयोगशाळा बंद. करडांच्या ग्रंथी फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून घरी आणल्या, माळ्यावर ठेवल्या.

नीलाबाई अंगणात झोपतात. गार वाऱ्यातही पांघरूण फेकून देतात. मी समोर आले की डोळे वटारलेले. सगळे म्हणतात भूकंपाची धास्ती घेतली. धास्ती कसली! राग आहे तो, माझ्यावरचा.

९ ऑक्टोबर

बरणी फोडली!

मी बाहेर गेले तेवढ्यात माळ्यावरून काढली. गोठ्यात नेऊन ठेवणार होत्या म्हणे. अंगणभर काचा, फॉर्मॅलिनचा वास. निम्म्या ग्रंथी चिखलात गेल्या. वर मलाच म्हणतात, "हात थरथरला न् सुटली. मी काय मुद्दाम केलं व्हय?"

मुद्दामच केलं. वर्षभराचं काम माझं! जन्मात माफ करणार नाही.

२१ ऑक्टोबर

प्रयोगशाळा उघडली. करडं पुन्हा गोळा केली. खाटीक म्हणाला, "औसा-किल्लारीकडून म्हाताऱ्या शेळ्या येऊ लागल्यात, ताई. मालकच न्हाईत राहिले." माझा गट पूर्ण झाला. आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली. ग्रंथी मात्र घेतल्या.

२ नोव्हेंबर

सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतंय सगळं. करडाच्या ग्रंथीत पिशव्या लहान, कडेच्या पेशी उंच. म्हातारीत पिशव्या मोठ्या, रसानं तुडुंब, पेशी चपट्या. एकच शेळी वेगळी — वयानं म्हातारी, पण पेशी उंच, रस कडेनं ओरबाडल्यासारखा. ग्रंथीही दुप्पट. सर म्हणाले, आजारी जनावर, गटातून काढा. असं जनावर भरपूर खातं, तरी वाळत जातं, एका जागी ठरत नाही.

काढली.

८ नोव्हेंबर

आज कडाक्याचं भांडण. नीलाबाई चार भाकरी खाऊन उठल्या आणि सैल झालेली चोळी दाखवत म्हणाल्या, "हिच्या पापानं वाळू लागले मी." गळ्याभोवती पदर गच्च, घरभर येरझाऱ्या, तोंडाचा पट्टा चालूच. लातूरला जायचं न्हाई तर माहेरची वाट धर म्हणाल्या.

मीही सांगून टाकलं. प्रबंध देणार, लातूरला जाणार नाही, आणि बरणी मी विसरलेले नाही. दिवाळी होऊ दे, बॅग भरते. एका छपराखाली आता आम्ही दोघी राहू शकत नाही.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला हाक मारली. ठुशी गळ्यात बसेना. गोंडा पार टोकापर्यंत सरकवला तरी आवळत होती. पदर बाजूला केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मागून बांधताना बोटं गळ्याला लागली.

"आवंढा गिळा, आत्याबाई."

गिळला. गळ्यातली दुप्पट झालेली ग्रंथी माझ्या बोटांखाली वर सरकली, खाली आली. मनगट धरलं. नाडी पळत होती, आणि हात थरथरत होता.

बरणी खरंच सुटली होती.