कॅलीच्या नावावरचे महिने

७ जून, शुक्रवार
डेपोतली सुपरवायझरची जागा हुकली. सव्वीस वर्षांच्या एका पोराला दिली. त्याच्याकडे डिग्री आहे. माझ्याकडे फौजेतली वीस वर्षं आहेत. चाळीस ट्रकांचा ताफा वाळवंटातून आणलाय, एकही न गमावता. मुलाखत घेणारी बाई म्हणाली, मिस्टर स्ट्राउड, तुमचा अनुभव फारच मोठा आहे. तेव्हाच कळलं, नाही मिळणार.
रोंडाला सांगितलं की जागाच रद्द झाली. बायकोला उगाच वाईट कशाला वाटू द्यायचं?
ठरलं. डिग्री घ्यायची.

९ जून, रविवार
विचार केला. फौजेतल्या नोकरीबद्दल सरकार छत्तीस महिन्यांचं कॉलेज देतं. फी, पुस्तकं, वर दरमहा घरभाडं. माझे महिने मी फौजेत असतानाच मुलीच्या, कॅलीच्या नावावर करून टाकले होते. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिला जिराफांची डॉक्टर व्हायचं होतं. आता सोळाची आहे, गाईंची डॉक्टर व्हायचंय. म्हणजे पोरीचं ध्येय बुटकं होत चाललंय. कॉलेजला अजून वर्ष आहे. तोवर हे महिने नुसते पडून. उभ्या ठेवलेल्या ट्रकचं काय होतं ते मला विचारा.
शिवाय ती कॉलेजात जाईपर्यंत मी साहेब झालेला असेन. तिची फी माझ्या पगारातून. यात तिचाच फायदा आहे.

११ जून, मंगळवार
कॉलेजात माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, मिसेस ऑस्ट्रँडर. गळ्यात दोन चष्मे. म्हणाल्या, परत घ्यायला हरकत नाही, हक्क तुमचाच आहे. फक्त एक महिना मुलीच्या नावावर राहू द्या. एक राहिला तर उद्या हवे तेवढे पुन्हा तिच्याकडे वळवता येतील. शून्य केलंत तर दार बंद, कारण तुम्ही आता नोकरीत नाही. सगळे एक ठेवतात, सार्जंट.
मी म्हटलं, सगळे काय करतात ते बघत मी वीस वर्षं काढली नाहीत. एक महिना मागे ठेवायचा म्हणजे लढाईला निघतानाच पळायची वाट आखायची.
म्हणाल्या, पण तुमच्यात ती वाट आखतातच ना?
बाईमाणसाला फौजेतलं काय कळणार! घरी येऊन कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे शून्य केलं. छत्तीसच्या छत्तीस माझ्याकडे. फार मोकळं वाटलं.
कॅलीला योग्य वेळी सांगीन. पहिल्या सेमिस्टरचे मार्क हातात आले की.

१९ ऑगस्ट, सोमवार
कॉलेजचा पहिला दिवस. नव्या पिकअपने गेलो. हप्ता जड आहे, पण घरभाड्याचे पैसे येणारच आहेत, आणि कॉलेजला वेळेवर पोचणं महत्त्वाचं.
गणिताचे मास्तर माझ्या बुटांपेक्षा वयाने लहान. ते वर्गात शिरले, मी उठून उभा राहिलो. एकटाच. ते दचकून म्हणाले, काही हवंय का सर? मागून कोणीतरी खिदळलं. या पोरांना शिस्त लावायला वेळ लागेल.
संकल्प: रोज पहाटे उठून दोन तास गणित.

३ सप्टेंबर, मंगळवार
पहाटेचं जमत नाही. गुडघा. संध्याकाळी करायचं ठरवलं.
कॅलीने माझ्यासाठी बीजगणिताची कार्डं केली. पुढे प्रश्न, मागे उत्तर, कोपऱ्यात गाय. प्रत्येक गाय वेगळी. तिने विचारलं, डॅड, तुझी फी कोण भरतं रे? म्हटलं, फौज आपल्या माणसांना विसरत नाही. हे खोटं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
गणिताच्या पहिल्या परीक्षेत शंभरात एकतीस. प्रश्न मुद्दाम वाकडे घातले होते. वर्गात उकडत पण फार होतं.
कॅली म्हणाली, पुढच्या वेळी बघ, डॅड, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. तिचं कधी झालेलं मला आठवत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
इतिहासाच्या वर्गात चौघांनी मिळून एक काम करायचं होतं. मी फोनवरच्या ग्रुपमध्ये कामाची वाटणी, वेळा आणि दिरंगाईची शिक्षा असं सगळं लिहून टाकलं. कोणी उलटून बोललं नाही. दोन दिवसांनी कळलं, त्यांनी दुसरा ग्रुप केलाय. त्यात मी नाही. त्यांच्यातली एक केस निळे केलेली मुलगी म्हणाली, सॉरी हं काका, तुम्हाला त्रास नको म्हणून.
नेतृत्व पचवायलाही ताकद लागते.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
जेवणाआधी प्रार्थना कॅलीने म्हटली. अन्नाचे आभार, आईचे आभार, आणि माझ्या कॉलेजची काळजी डॅडने आधीच मिटवून ठेवली त्याबद्दल आभार. तिच्या मैत्रिणींना कर्ज काढावं लागणार आहे, म्हणाली. आमेन.
टर्की घशात अडकली. कोरडी झाली होती. रोंडाला म्हटलं, पुढच्या वर्षी जरा लवकर बाहेर काढ. ती म्हणाली, अजून तू एक घासही खाल्लेला नाहीस.

१६ डिसेंबर, सोमवार
इतिहास बरा. इंग्रजी ठीक. गणितात नापास.
हे मार्क योग्य वेळेचे मार्क नव्हेत. कॅलीला वसंतातल्या सेमिस्टरनंतर सांगीन.
विषय बदलतोय. व्यवसाय व्यवस्थापन माझ्यासाठी फार कागदी आहे. गुन्हेशास्त्र घेतो. तिथे माणसं ओळखावी लागतात, समीकरणं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
गुन्हेशास्त्रालाही गणित सक्तीचं आहे. तेच मास्तर. म्हणाले, वेलकम बॅक, सार्जंट. टोमणा होता की आपुलकी, कळलं नाही. टोमणाच धरलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गणिताच्या तासाला हल्ली पिकअपमध्येच बसतो. कॉलेजच्याच पार्किंगमध्ये. हीटर लावायचा, कार्डं काढायची. इथे लक्ष जास्त लागतं. आज रेडिओ ऐकला. उद्यापासून कार्डं.
मिसेस ऑस्ट्रँडर गाडीपाशी आल्या. काच खाली करायला लावली. म्हणाल्या, वर्ग सोडलात तर भाड्याचे पैसे परत मागतील हं. आणि मुलीकडे किती ठेवलेत? मी म्हटलं, सगळं आखलेलं आहे. त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. थंडीत. काही लोकांना कामं नसतात.

६ मार्च, गुरुवार
कॅलीला राज्य विद्यापीठात प्रवेश मिळाला! पशुवैद्यकाच्या पूर्वतयारीचा विभाग. रोंडा रडली. मीही जवळजवळ.
मग कॅली म्हणाली, डॅड, एक गंमत झालीय. विद्यापीठातून फोन आला होता, त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे शून्य महिने दिसतायत. मी म्हटलं, चूक असेल, माझे डॅड बघतील. बघशील ना? तुला ते ऑफिसवाले घाबरतात.
मी म्हटलं, सरकारी ऑफिसं अशीच, पोरी. उद्या खडसावतो त्यांना.
तिने मला मिठी मारली.

१० मार्च, सोमवार
मिसेस ऑस्ट्रँडरना म्हटलं, तूर्त निम्मे महिने मुलीकडे वळवा.
त्यांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला. कॉम्प्युटरवर पाहिलं. मग म्हणाल्या, शून्य केलंत?
मी म्हटलं, वरिष्ठ कोण आहेत इथे?
म्हणाल्या, इथे मीच आहे. वॉशिंग्टनला लिहून बघते, पण आशा धरू नका. हे महिने आता तुमचेच. तुम्ही शिकलात तर वापरले जातील, नाहीतर कोणाचेच नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात विचारलं, मुलीला माहीत आहे?
नियमच वाईट आहेत. यावर कोणीतरी सिनेटरला पत्र लिहायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार
विद्यापीठवाल्यांनी परत फोन केला, तो रोंडाने घेतला. महिने कोणी आणि कधी काढले, ते त्यांनी सांगितलं.
तिने ओव्हन बंद केला आणि विचारलं, जूनपासून? मी म्हटलं, मी आपल्या सगळ्यांसाठी... ती म्हणाली, वेंडेल, तू पोरीला उद्या खडसावतो म्हणालास. कोणाला खडसावणार होतास?
कॅली जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. रोंडा म्हणाली, कर्ज काढू, बाळा. कॅली म्हणाली, आधी पिकअपचं तर फिटू दे. आणि वर गेली. दार आपटलं नाही. मी वाट बघत होतो.

५ एप्रिल, शनिवार
कॉलेज तूर्त थांबवलंय. गुडघा. भाड्याचे काही पैसे परत मागतायत, ते बघू. एकोणतीस महिने अजून माझ्या नावावर शिल्लक आहेत. कुठे जात नाहीत ते.
कॅली सावरलीय असं वाटतं. रोज सकाळी धावायला जाते. दंडबैठकासुद्धा. मी म्हटलं, बूट बदल, घोटे जातील. ती म्हणाली, येस सर. अगदी माझ्या फौजेतल्या जुन्या पोरांसारखी. किती दिवसांनी घरात शिस्त दिसली.
वॉशिंग्टनहून नकार आला.

२४ मे, शनिवार
मॉलमध्ये फौजेचं भरतीचं ऑफिस आहे, नेलपॉलिशच्या दुकानाशेजारी. तिघंही गेलो होतो. कॅली अजून सतरा वर्षांची आहे, म्हणून भरती व्हायला आईवडील दोघांच्या सह्या लागतात. मी गाडीत म्हटलं होतं, ऑक्टोबरपर्यंत थांब, अठराची झालीस की आमची गरजच नाही. ती म्हणाली, गरज नाहीच आहे, डॅड. सही हवीय.
भरतीचा सार्जंट चलाख पोरगा आहे. मला कडक सलाम ठोकला. म्हणाला, रक्तातच आहे हो, सर! मग कॅलीला सगळं समजावलं. नोकरी केलीस की कॉलेजचा खर्च फौजेचा, आणि जास्त वर्षं राहिलीस तर पुढे तुझ्या मुलांच्या नावावरही करता येईल.
कॅलीने विचारलं, आणि एकदा मुलांना दिलं की परत घेता येतं?
माझ्याकडे बघितलं नाही तिने. खरंच जाणून घ्यायचं होतं, असं विचारलं.
तो हसला. म्हणाला, येतं की. पण मॅडम, असं कोण घेईल?
रोंडाने सही केली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मीही केली. अक्षर चांगलं आलं.