टाकीबाईचे टाके

ता. ४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळीच तुझ्या यजमानांचा फोन येऊन गेला. ऑपरेशन नीट पार पडलं, तू शुद्धीवर आलीस आणि आल्या आल्या नर्सला हसवलंस म्हणे. तुझं आपलं काहीतरीच! मी इकडे खुशाल आहे. गुडघे कुरकुरतात, शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता तो बदलून घेतला. बाकी विशेष काही नाही. फोनवर रोज बोललो तरी मनातलं लिहायला मला कागदच लागतो, हे तुला माहीत आहे.

आधी उपदेश, मोठ्या बहिणीचा हक्क म्हणून. भरलेली बादली उचलायची नाही. खोकला आलाच तर पोटावर उशी दाबून खोकायचं. नळी काढल्यावर पहिल्यांदा लघवीला बसशील तेव्हा घाई करू नकोस. नळ थोडा सोडून ठेव, पाण्याच्या आवाजाने मदत होते. नाही झाली तर उठून जरा फेऱ्या मार, परत बस. पुढे वाक. ओटीपोटावर मूठ दाब. तरी नाही झाली तर पुन्हा नळ सोड.

एवढं सगळं ताईला कसं ठाऊक, असं तुझ्या मनात येईल.

माझ्याकडे विचारायला आली होतीस तो दिवस आठव. हसताना, शिंकताना, जिना उतरताना तुझंही गळायला लागलं होतं. माझ्या स्वयंपाकघराचं दार लावून तू रडलीस. म्हणालीस, "ताई, खरं सांग, त्या मोठ्या डॉक्टरांकडे तुझं ऑपरेशन कसं झालं?" मी म्हटलं, "त्या दिवसापासून एक थेंब गळला नाही." तू माझ्या गळ्यात पडलीस.

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. थेंब गळत नाही. गळतच नाही, चिमणे. आपणहून काही बाहेरच येत नाही. दिवसातून कितीदा तरी बाथरूममध्ये आरसा धरून बसते आणि स्वतःच्या हाताने नळी घालते. म्हणून कुणाकडे मुक्कामाला जात नाही. "ताई हल्ली माणूसघाणी झालीय" असं तू सगळ्यांना सांगत फिरतेस, तेही कानावर येतं.

असं का झालं ते मला नंतर एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना टाके घालतात आणि ते वर, हाडामागच्या एका चिवट पट्ट्याला टांगतात. तोंड नुसतं उचलून धरायचं असतं, आवळायचं नसतं. दोरा मुद्दाम सैल सोडायचा. ऐकता ऐकता मला बटण आठवलं. बटण लावताना आपण त्याच्याखाली काडेपेटीची काडी ठेवतो आणि शिवून झालं की काढून घेतो, म्हणजे दोऱ्याला ढील राहते आणि बटण काजात बसतं. आपले मोठे डॉक्टर काडी ठेवत नाहीत. करकचून गाठ मारतात आणि वर म्हणतात, "बाई, आम्ही बांधलं की बांधलं!"

काडी तूही कधी ठेवत नव्हतीस. तुझी बटणं मी क्लासभर उसवत हिंडायचे. तो शिवणक्लास तेव्हा माझा होता, हे अजून आठवतं ना?

बक्षीस समारंभही आठवत असेल. मी स्टेजवर, हातात माइक. तू पहिल्या रांगेत बसून प्रमुख पाहुण्यांसारखे गाल फुगवत होतीस. मला हसू आवरेना, आणि मीच शिवलेले ते आकाशी कपडे खालपर्यंत ओले झाले. तरी झाकता आलं असतं. शेजारच्या बाईंनी प्रसंग ओळखून माझ्या अंगावर सांडायला पाण्याचा पेला उचललाही होता. तेवढ्यात तू ओरडलीस, "अगं बाई, ताईची टाकी फुटली!"

सगळा हॉल हसला. टाके शिकवणारी मी दुसऱ्या दिवसापासून टाकीबाई झाले. मुली तोंडावर नाही म्हणायच्या, पण मी वर्गात शिरले की खुसखुस थांबायची. लाजेपायी त्या डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन पडले. "तुला बरं वाटेपर्यंत क्लास मी सांभाळते," तू म्हणालीस. बोर्डावर आता तुझं नाव आहे. मुली फार खूश आहेत, तू खूप हसवतेस म्हणून.

तुझी तारीख ठरली तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला होता. "कशा आहात?" म्हणाले. "थेंब गळत नाही, डॉक्टर," मी म्हटलं. त्यांना कोण आनंद! "माझी बहीण फार हसते, तिचे टाके अगदी पक्के घ्या." ते म्हणाले, "काळजी सोडा, तुमच्यासारखेच घेतो."

डॉक्टरीणबाई आणखी एक म्हणाल्या होत्या. लगेच आला असतात तर टाके सैल करणं सोपं होतं. आता सगळं आतून चिकटलंय, पुन्हा कापूनही खात्री नाही. मी मात्र लाज धरून घरात बसले होते.

म्हणून हे पत्र आज टाकत नाही. शिवणाच्या डब्यात ठेवते.

ता. ३० मे

पुढे लिहिते. ऑपरेशननंतर तू रोज फोन करत होतीस. "ताई, होत नाही गं." मी म्हणायचे, "माझंही अगदी असंच झालं होतं. धीर धर." हेही खरंच. तुझे यजमान दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू म्हणत होते, तेव्हा मीच त्यांना समजावलं की सूज उतरायला वेळ लागतो. फार साधा माणूस. ताईंना अनुभव आहे म्हणाले आणि तो विषय सोडून दिला.

काल तू म्हणालीस, आता नळी तुझी तुलाच घालता येते. रडत नव्हतीस. क्लासला आठवडाभर गेली नाहीस, हसायचीही भीती वाटते म्हणालीस. मग हळूच म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून निभावलं." फोन ठेवून मी इतकी हसले, चिमणे, इतकी हसले! एक थेंब गळला नाही.

त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागे लिहिला आहे. जाऊन ये. तुला काय सांगतील ते मला पाठ आहे.

वरची तारीख बघ, आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघ.

शेवटी "कळावे, लोभ असावा" असं लिहायची रीत आहे. लोभाचं राहू दे.

कळावे.

तुझी,
टाकीबाई