घरचे सोडून दोन

४ ऑक्टोबर

बाबांनी कपाटातला कागद वाचला! म्हणजे फळीवर मी अंथरलेलं वर्तमानपत्र. आमच्या लॅबमध्ये कवळ्यांचे साचे गुंडाळायला रद्दी येते, उरली की मी घरी आणते. संध्याकाळी येऊन बघते तर सगळे डबे जमिनीवर, आणि सासरे भिंग घेऊन कपाटात डोकं घालून उभे.

बातमी अशी — यापुढे पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी नुसतं समोर उभं राहून भागणार नाही. श्वास चालू असणे हा पुरावा अपुरा समजला जाईल. आपण जिवंत आहोत असं सांगणारे दोन मित्र सोबत आणावेत. घरचे चालणार नाहीत, कारण त्यांचा पेन्शनवर डोळा असतो.

थट्टेचं सदर आहे ते. दर आठवड्याला येतं. सदराचं नाव तेवढं मी फळीच्या मापाने कागद कापला तेव्हा गेलं. बाबांना तसं सांगितलं.

म्हणाले, "थट्टा असती तर हसू आलं असतं."

५ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं. हा म्हणाला, पेन्शन कचेरीत फोन करून विचारू. बाबांना ते पटेना. फोनवर कोणीही काहीही सांगतं, छापलेलं ते छापलेलं. जन्मभर विजेचे मीटर वाचले त्यांनी. काचेआड दिसतं ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही — हा त्यांचा धर्म. तो आता आमच्या मुळावर आलाय.

हा म्हणतो, शोधू दे मित्र, तेवढेच पाय मोकळे होतील. स्वतः कामाला निघून गेला. बरंच आहे!

९ ऑक्टोबर

अडचण वेगळीच आहे. मित्र नाहीत. नोकरीत असताना कोणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. वीजचोरी दिसली की तोडली, मग समोर कोणी का असेना. त्याचा केवढा अभिमान होता. आता खुर्चीत बसून नावं आठवतायत.

मला विचारलं, न्हावी चालेल का? म्हटलं, चालेल की. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, नको, त्याला माझं नाव माहीत नाही.

वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण मला सहसा वाटत नाही.



  

१४ ऑक्टोबर

तारवाल्यांकडे गेलो. तारवाले म्हणजे बाबांच्या खात्यातले लाईनमन, एकेकाळचे जोडीदार. त्यांच्या मुलीच्या लग्नात रोषणाईसाठी थेट खांबावरून तार ओढली होती. बाबा जेवायला म्हणून गेले आणि तार तोडून आले. नवरीची पाठवणी अंधारात! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. असल्या माणसाच्या दारात एकटं कसं सोडायचं, म्हणून मी बरोबर.

तारवाल्यांनी दार उघडलं. बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मीटर बघायचंय?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी जिवंत आहे असं सांगशील का?"

तारवाले आत गेले. मला वाटलं, झालं, आता दार लागणार. तर चपला घालून बाहेर आले. म्हणाले, चल, कुठं सांगायचंय?

पुढच्या महिन्यात सांगायचंय म्हटल्यावर, मग बस, म्हणाले. बसलो. बाबा त्यांच्याकडे पाणी प्यायले. मी बघतच राहिले.

२२ ऑक्टोबर

दुसरा साक्षीदार खालच्या मजल्यावरच मिळाला. मास्तरीणबाई. बाबांचं नि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, कारण बाबांचं पहाटेचं खाकरणं. जिन्यात गाठून बाबांनी सगळा प्रकार सांगितला. बाई म्हणाल्या, तुम्ही जिवंत आहात हे मला रोज पहाटे ऐकू येतं. येईन. मित्र वगैरे म्हणणार नाही, जिवंत म्हणेन.

बाबांनी वर येऊन भिंगातून बातमी पुन्हा वाचली. मग म्हणाले, चालेल.

३० ऑक्टोबर

तारवाले हल्ली रोज संध्याकाळी येतात. मागच्या रस्त्यावरचा खांब कोणी रोवला यावर भांडतात. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे ते भांडण साऱ्या इमारतीचं होतं. डोकं उठतं. पुन्हा एकदा खरं सांगावं असं मनात आलं. तेवढ्यात बाबांनी तारवाल्यांसाठी स्वतः चहा टाकला. नाही सांगितलं.

३ नोव्हेंबर

अर्धी रजा काढून तिघांना पेन्शन कचेरीत नेलं. खिडकीत एक तरुण मुलगी होती. बाबांनी दोन्ही साक्षीदार पुढे केले. तिला काही कळेना. मग कळलं. म्हणाली, आजोबा, असा काही नियम नाही, कोणीतरी थट्टा केलीय तुमची. मशीनवर अंगठा ठेवा, झालं.

मागची रांग हसली. बाबांची मान ताठ होती, पण कान लाल.

"केली असेल थट्टा," बाबा म्हणाले. "आता आलेत तर विचारून घ्या."

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. विचारलं खरंच — यांना ओळखता का?

तारवाले म्हणाले, "ओळखतो. आहे हा."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आहेत. आणि मित्र आहेत, तसंही लिहा हवं तर."

मुलीने लिहिलं काहीच नाही. कुठे लिहिणार? पण मान हलवली, मग मशीनवर बाबांचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर तिघांनी चहा घेतला आणि सरकारला शिव्या दिल्या. मी लॅबमध्ये गेले. एक कवळी आजच द्यायची होती.

५ नोव्हेंबर

भाजी निवडत होते. बाबा सहज म्हणाले, "घरचे सोडून तुझे दोन कोण गं?"

म्हटलं, आहेत की.

नावं विचारली नाहीत त्यांनी. बरं झालं.