कोरडी खाट

१० जानेवारी

भिंत परत काळी! पिटुकलीच्या उशाशीच. गेल्या आठवड्यात ब्रशने घासून घासून बुरशी काढली, हाताची सालटी निघाली. आज तीच मला वाकुल्या दाखवतेय. चार वर्षांच्या पोरीने त्या डागाला नावही दिलंय — म्हातारा. "आई, म्हातारा मोठा झाला." मी हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

तिचा खोकला तसाच.

१२ जानेवारी

घरमालकाला जिन्यात गाठलं. म्हणाला, "तुम्ही खिडक्या बंद ठेवता, म्हणून ओल येते." खिडक्या म्हणे! आहे एकच, आणि ती उघडते कापड रंगवायच्या कारखान्याच्या धुराड्यावर. उघडली की धूर, लावली की बुरशी. श्वास घ्यायचाच नाही का आम्ही?

हे सगळं मनात. तोंडाने म्हटलं, "बरं, उघडते." लहान मूल बघून दुसरीकडे कुणी खोली देत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. वर जाताजाता शहाणपण शिकवून गेला, "पोरं काय, खोकतातच." अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच्यापेक्षा माझ्या त्या "बरं"चाच जास्त राग येतोय.

१५ जानेवारी

नवरा म्हणतो, "होईल बरी. मीही असल्याच खोलीत वाढलो." वाढलास, आणि दोन जिने चढलास की भात्यासारखा धापा टाकतोस! सांगितलं तोंडावर. जेवला नाही. नको जेवू.

नंतर बघते तर पिटुकलीची गादी भिंतीपासून ओढून दाराशी नेली होती त्याने. आता दार उघडलं की तिच्या डोक्याला लागतं.

१६ जानेवारी

तिचे ओठ निळे पडले. नवऱ्याने खांद्यावर टाकून पळत इस्पितळात आणली. ठेवून घेतलंय. आज लिहवत नाही.

१९ जानेवारी

खोकला थांबला. खरंच थांबला!

वॉर्डात भिंती कोरड्या, खिडक्या मोठ्या, चादरीला उन्हाचा वास. पिटुकलीने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "इथे म्हातारा राहत नाही." ताटातलं सगळं जेवली. गाल वर आलेत जरासे.

डॉक्टरीणबाई खूश. "औषध चांगलं लागू पडलं." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "बाई, हेच औषध घरी किती महिने पाजतेय मी. तिला ही भिंत लागू पडली." त्या हळूच म्हणाल्या, "कळतं हो मला. पण भिंत लिहून देता येत नाही."

मनसोक्त चिडायला एक माणूस सापडलं होतं, तेही हातचं गेलं.

२० जानेवारी

शेजारच्या खाटेवरचं बाळ ह्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा आलंय. त्याची आई माहेरपणाला आल्यासारखी सगळ्यांना ओळखते. कोणती नर्स प्रेमळ, कोणती खाष्ट, सगळं पाठ. मला म्हणाली, "तुमचीपण येईलच परत." वाईट हेतूने नाही म्हणाली.

दुपारी डॉक्टरीणबाई पिटुकलीला म्हणाल्या, "आता खोकली नाहीस ना, की उद्या घरी जायचं हं." पिटुकलीने भिंतीकडे कूस वळवली. मला वाटलं, दमली असेल.

२१ जानेवारी

पिशवी भरून तयार होती. पिटुकलीने बाहुलीही आत ठेवली होती. डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या, तशी पिटुकलीने आधी माझ्याकडे बघितलं. मग खोकली. परत खोकली.

तिचा खरा खोकला मी झोपेतही ओळखते. हा नुसता ओठांवरचा होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "सकाळपासून असंच चाललंय, बाई."

पिटुकलीने पिशवीतून बाहुली बाहेर काढली.