उष्ट्या ताटल्या

आईला नमस्कार,

मी बरी आहे, दोन घास जास्तच खाते.

काल मालकांच्या मुलीचा वाढदिवस झाला. वर्गातल्या दुसऱ्या बड्या घरच्या मुलीनं मुद्दाम त्याच संध्याकाळी पार्टी ठेवली, म्हणून हिच्याकडे कुणीच फिरकलं नाही. ही मला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मावशी, सगळ्या ताटल्यांतला थोडा थोडा केक खा. मम्मीला वाटू दे, सगळे येऊन गेले."

ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या पोटात आता अख्खा वर्ग बसलाय." पोरगी हसली, मग रडली.

मालकीणबाई रात्री बाहेरून आल्या आणि उष्ट्या ताटल्या बघून खूश झाल्या.

आई, माझ्या छकुलीच्या वाढदिवसाला सगळ्या मैत्रिणी आल्या, असं तू लिहिलं होतंस. खरंच आल्या होत्या ना?

तुझी थोरली