आईच्या गोळ्यांच्या सात डब्या

६ जुलै, रविवार. सकाळी ९.१०
लाकूड कातायचं लेथ आलं. आईच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. हॉलमध्ये सोफा आहे. संकल्प: आईच्या गोळ्यांसाठी शिसमाच्या सात डब्या, झाकणासकट, सात वारांच्या. गणपतीपर्यंत. कंपनीत मी गेज रूममध्ये मायक्रॉन मोजते, लाकूड अवघड जाणार नाही.
ऋषीदादाने करंजाड्याला टू बीएचके घेतलाय. आईने कायमचं तिकडे यावं म्हणतो. ती दसऱ्याला सांगणार आहे. जाणार नाही. मी विचारलेलं नाही. गरज नाही.

१३ जुलै
डबी क्र. १ पूर्ण. झाकणाची फट ०.०५ मिमी. उघडताना 'टप्' असा आवाज येतो. सहाव्यांदा ऐकून आई म्हणाली, छान आहे, आता जेवू या.
तिला खोकला झालाय. सानपाड्याची हवा दमट.

२० जुलै
क्र. १ उघडत नाही. तळवलीचे दिनानाथकाका चाळीस वर्षं लाकूड कातताहेत, त्यांना दाखवली. हसले. म्हणाले, "लोखंड नाय हाय ते, पोरी. कोरून महिनाभर ठेव, मग झाकन बसव." किती आर्द्रतेला ठेवायचं, ते सांगता आलं नाही. अशास्त्रीय. घरी येऊन फट ०.१० केली.

३ ऑगस्ट
क्र. २ चिरली. क्र. ३चं झाकण आत पडतं. म्हणजे क्र. १ चुकीची नव्हती, फक्त घट्ट होती.
आता क्र. १ही पुन्हा अडकली. आतली गोळी काढायला आई खाली वॉचमनकडे गेली. भगवानने पक्कड लावली. कडेला दोन दात उमटले. त्याच्याशी बोलणं बंद.

१७ ऑगस्ट
आईच्या उशीखाली प्लास्टिकची डबी. सात खण, वार छापलेले. स्मितावहिनीने जूनमध्येच दिलेली. फिटिंग ढिसाळ, अंगठ्याने उघडते.
मी शोधत नव्हते. चादर झटकत होते. भुसा फार बसतो.

३ सप्टेंबर. रात्री ८
गणपतीला आई पाच दिवस दादाकडे होती. खोकला गेला. परवा आली, काल पुन्हा सुरू. डॉक्टर बदलायला हवा.
सात डब्यांची नवी मुदत: दसरा.

२१ सप्टेंबर
आई नाकाला पदर लावून दारात उभी राहिली. म्हणाली, "जाऊ नको, असं तू एकदा तरी म्हणालीस का गं?"
मी म्हटलं, निर्णय तुझा, मी प्रभाव टाकणार नाही. हे योग्यच होतं. त्यावर ती आणखी काहीतरी बोलली. लेथचा चक फिरत होता, ऐकू आलं नाही. मध्येच थांबलं की लाकडावर रेघ राहते.
तरीही रेघ राहिली.

२ ऑक्टोबर, दसरा
आईने सांगितलं, करंजाडे. मी म्हटलं, ठीक आहे. मशीन हॉलमध्ये हलवता येईल, हेही सांगितलं. सोफ्याचं काय, याचा विचार केलेला नव्हता, पण सांगितलं.
ती म्हणाली, भुशाचं नाही गं. मग आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून म्हणाली, "स्मिता भांडते माझ्याशी. बरं वाटतं."
सोनं घेतलं, पाया पडले.

५ ऑक्टोबर
दादाने टेम्पो आणला. कॉट आणि कपाट गेलं. म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस, तासाभराचं तर अंतर आहे. मी टेन्शन घेतलेलं नाही. खोली मोजली. सहा बाय अडीच फूट जागा मोकळी. मोठं लेथ बसेल.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.४०
क्र. ४ झाली. अडकत नाही, सैलही नाही. दोन बोटांनी उघडते. सगळ्या वारांना चालेल अशी.
दाखवायला आईला हाक मारली. दोनदा.